ढोल शेकताना

दिवे मंद केलेले. पंधरा-सोळा माणसं चटयांवर उताणी, डोळ्यांवर रुमाल. बाहेर दोन दिवसांचा पाऊस. शिबीर शामन पद्धतीच्या 'प्रवासा'चं; शामन म्हणजे ढोलाच्या नादात देह मागे ठेवून आत्म्यांच्या लोकात जाऊन येणारा वैदू. शिबीर घेणारी बाई ढोल वाजवायला लागते आणि तिसऱ्याच मिनिटाला सगळ्यांच्या लक्षात येतं की काहीतरी बिनसलंय. 'धुम्' म्हणायच्या ऐवजी ढोल 'भद्द' म्हणतोय, ओल्या गोणपाटावर काठी मारावी तसा. ती थांबते, पिशवीतून हेअर ड्रायर काढते, भिंतीतल्या प्लगमध्ये खुपसते आणि ढोल पालथा धरून त्याच्या पोटात गरम वारा सोडते. घुर्र असा न्हाव्याच्या दुकानातला आवाज त्या मंतरलेल्या खोलीभर पसरतो. कुणीतरी फिसकन हसतं. एकजण रुमाल काढून उठून बसतो आणि पुटपुटतो, झाला का बोजवारा, शामनच्या ढोलाला हेअर ड्रायर! बाई काही बोलत नाही. बोटाच्या पेराने पानावर, म्हणजे ढोलाच्या ताणलेल्या कातड्यावर, टिचकी मारते, कान लावते, पुन्हा वारा देते. चार-पाच मिनिटं जातात.

ते फिसकन हसणं डोक्यातून जात नाही. एका बाजूला ढोल, कातडं, लाकूड, आत्मे, म्हणजे अध्यात्म. दुसऱ्या बाजूला प्लग, वायर, गरम वारा, म्हणजे यंत्र. आणि या दोन डब्यांतलं सामान एकमेकांत मिसळलं की विनोद होतो, असं काहीतरी त्या हसण्याने धरून चाललेलं असतं. पण जरा त्या ढोलाकडेच बघा. कच्चं कातडं, म्हणजे न कमावलेलं, फक्त केस आणि मांस खरवडून काढलेलं. केस सुटावेत म्हणून ते चुन्याच्या नाहीतर लाकडाच्या राखेच्या पाण्यात ठेवायचं, मग भरपूर धुवायचं. ढोलावर चढवायच्या आधी बारा ते चोवीस तास गार पाण्यात भिजवायचं. घाई म्हणून गरम पाणी घेतलं की काम बिघडतं, कारण ओलं कातडं साठ-पासष्ट अंशांच्या पुढे आखडतं आणि शिजायला लागतं. त्याचं सरस होतं, पान होत नाही. लाकडाची पट्टी वाफ देऊन वाकवायची, टोकं एकमेकांवर तासून जोडायची, की आठ-दहा सेंटीमीटर रुंदीचं कडं तयार. त्यावर ओलं कातडं पसरायचं, काठाला भोकं पाडून त्याच कातड्याची वादी ओवायची आणि नेहमी समोरासमोरच्या भोकांची जोडी ओढत जायचं, एकीकडून सुरू करून गोल फिरायचं नाही. आणि इथेच नवख्याची चूक होते. ओलं कातडं हाताला सैल लागतं म्हणून तो जीव खाऊन ओढतो. वाळताना कातडं आपणहून आवळतं, मग एक तर भोकं फाटतात, नाहीतर कडंच पिळवटून ढोल बशीसारखा वाकडा होतो. सावलीत तीन-चार दिवस, हळू. उन्हात ठेवला तर मधला भाग आधी वाळतो, काठ मागे राहतो, आणि एखाद्या रात्री खोलीत गोळी सुटल्यासारखा आवाज येतो.

इतकं सगळं सांभाळून केलेला ढोलसुद्धा दमट हवेत उतरतो. कातड्यातलं कोलॅजेन हवेतलं पाणी पितं, फुगतं, सैलावतं. पानाचा सूर ताणाच्या वर्गमुळावर चालतो. म्हणजे ताण २० टक्क्यांनी पडला तर सूर दहाएक टक्क्यांनी उतरतो, 'सा'वरून खालच्या कोमल 'नी'वर. हे ऐकायला फारसं वाटत नाही, पण नुसता सूर उतरत नाही, पाण्याच्या वजनाने आवाजाची शेपटीही तुटते. ठोका घुमत नाही, तिथेच मरतो. उपाय एकच, शेकणं. ड्रायर वीत-दीड वीत लांब, कमी आचेवर, सतत फिरता, आणि आतून बाहेरून दोन्हीकडून. एका जागी धरला तर तेवढाच तुकडा आवळतो आणि ताण त्याच्या कडेशी साचतो. सूर चढताना ऐकू येतो. हवा आहे त्याच्या किंचित वर गेला की थांबायचं, कारण तो परत थोडा उतरणारच. बाईला हे नेमकं माहीत होतं. तिच्या हातात घुर्र करणारी होती ती आग.

सायबेरियातल्या तंबूत ही आग मध्यभागी असायची, आणि ढोल शेकणं हे एका माणसाचं काम असायचं. शामनचा सोबती. ढोल आगीशी धरणं, फिरवणं, टिचकी मारून बघणं, चढला की हातात देणं. शिवाय शामनने गाण्याची ओळ टाकली की ती मागे उचलणं, तो भान हरपून आगीवर पडू नये म्हणून त्याला धरणं. शामन हा शब्दच तिकडचा, एव्हेंकी लोकांच्या तुंगुसी भाषेतला. त्याचं नातं 'श्रमण'शी जोडण्याचा मोह एकोणिसाव्या शतकापासून अनेकांना झालेला आहे, आपल्यालाही तो होतो. पण भाषेच्या अभ्यासकांत त्यावर एकमत नाही, तेव्हा तो बाजूला ठेवलेला बरा. त्यापेक्षा मराठीतलाच एक शब्दप्रयोग इथे उपयोगी पडतो. आपण 'अंगात येणं' म्हणतो, म्हणजे बाहेरचं कुणीतरी आत शिरतं. तेही शामनला नवीन नाही, पण त्याची खास ओळख उलट्या दिशेची आहे. तो अंगातून जातो. देह मागे ठेवून खालच्या किंवा वरच्या लोकात कुणाचा तरी हरवलेला जीव शोधायला जातो, घासाघीस करतो, आणि परततो. मग त्याला जे काही लागतं ते प्रवासाचं सामान. दक्षिण सायबेरियातल्या अल्ताईत ढोल म्हणजे त्याचं जनावर आणि टिपरू म्हणजे चाबूक. नवा ढोल 'जिवंत' करण्याच्या विधीत कडं ज्या झाडाचं आणि पान ज्या जनावराचं, त्यांची चरित्रं शामन त्यांच्याच तोंडून सांगतो, जनावर कुठे जन्मलं, कसं वाढलं, कसं मारलं गेलं. थेट त्याच्या जन्माच्या जागेपर्यंत माग काढायचा, मगच ते वाहन होतं. बाराव्या-तेराव्या शतकातल्या एका लॅटिन ग्रंथात उत्तर नॉर्वेतल्या सामी लोकांच्या ढोलाचं जुनं वर्णन आहे. त्यावर काढलेली चित्रं कसली, तर देवमासा, घसरगाडीला जुंपलेलं रेनडियर आणि वल्ह्यांची छोटी होडी. पाण्याखालून, बर्फावरून, पाण्यावरून जायची सोय. देवाचं चित्र त्या वर्णनात नाही.

सामी ढोलाचा आणखी एक उपयोग होता, आणि तो तर सरळसरळ उपकरणाचा. पानावर आल्डर झाडाच्या सालीच्या लाल रसाने चित्रं काढलेली. त्यावर पितळेची कडी ठेवायची आणि रेनडियरच्या शिंगाच्या हातोडीने वाजवायचं. कडी थरथरत, उडत पानावर फिरते आणि ज्या चित्राशी थांबते तिथे उत्तर. आंदेर्स पौल्सेन नावाच्या सामी म्हाताऱ्याचा असा ढोल १६९१ मध्ये जप्त झाला. पुढच्या वर्षी उत्तर नॉर्वेतल्या वाद्सोच्या न्यायालयात त्याला एकेका चित्राचा अर्थ सांगावा लागला. निकाल लागायच्या आधीच कोठडीत असताना एका वेड्याने त्याला कुऱ्हाडीने मारलं. ढोल कोपनहेगनला गेला. १९७९ मध्ये तो उसना म्हणून नॉर्वेतल्या कारास्योकच्या सामी संग्रहालयात आला आणि मालकी हक्काने परत मिळायला २०२२ उजाडलं. जगभर असे जेमतेम सत्तर-एक जुने सामी ढोल नोंदलेले आहेत. बाकीचे मिशनऱ्यांनी जाळले किंवा गोळा केले, आणि गोळा केलेल्यांतले कितीतरी १७२८ च्या कोपनहेगनच्या आगीत गेले. ज्या आगीवर ढोल शेकायचे तिच्यातच.

आता जरा अवघड भाग. ढोलामुळे खरंच काही होतं का?

१९६१-६२ च्या सुमारास अँड्र्यू नेहर या संशोधकाने माणसांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून त्यांना सेकंदाला ३ ते ८ ठोके या गतीने ढोल ऐकवला आणि मेंदूच्या लहरी त्याच गतीने उमटताना पाहिल्या. त्यावरून त्याने मांडलं की ढोलाच्या विधींतल्या विलक्षण वागण्यामागे हेच असावं: ठोके मेंदूला हाकतात. आज इंटरनेटवर 'थीटा ड्रमिंग' नावाने जे काही ऐकायला मिळतं (थीटा म्हणजे मेंदूच्या सेकंदाला ४ ते ८ गतीच्या मंद लहरी) त्याच्या तळाशी हीच समजूत आहे. अडचणी दोन-तीन आहेत. कुठलाही एकसारखा ठोका ऐकवला तर मेंदू दर ठोक्याला थोडा दचकतो, आणि ते दचकणं लहरींच्या नोंदीत त्याच गतीने दिसतं. टाइपरायटर ऐकवला तरी दिसेल. त्याचा अर्थ भान बदललं असा होत नाही. शिवाय पापण्या आणि मानेचे स्नायू ठोक्याबरोबर हलले तर त्यांचे विजेचे धक्के मेंदूच्या लहरींपेक्षा मोठे असतात आणि नोंदीत बेमालूम मिसळतात. फ्रेंच संगीत-अभ्यासक जिल्बेर रूजे याने टोला हाणला होता की असं असतं तर अर्धी आफ्रिका वर्षभर तंद्रीतच असती. आणि एक बारीक हिशेब कुणी करत नाही. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ मायकेल हार्नर याने जगभरच्या शामन परंपरांतून गाळून जी सर्वसाधारण पद्धत शिकवायला सुरुवात केली, तिच्यात मिनिटाला २०५ ते २२० ठोके सांगितले आहेत. म्हणजे सेकंदाला साडेतीनच्या आसपास. थीटा सुरू होतं ४ पासून. ज्या गतीने हजारो लोकांना 'प्रवास' घडल्याचं सांगितलं जातं ती गती थीटाच्या उंबऱ्याबाहेर उभी आहे.

म्हणून ढोल निरुपयोगी असं म्हणायचं नाही. एकसुरी ठोका काय करतो हे साधंच आहे: तो लक्षाला चघळायला काहीतरी देतो आणि त्यातून बातमी काहीच देत नाही. पाच-सात मिनिटांत कान त्याला सोडून देतो, आणि खोलीतले बाकीचे आवाज त्याच्याखाली झाकले गेलेले असतात. त्यात कातड्याच्या ढोलाला अधिस्वर, म्हणजे मूळ सुरासोबत उमटणारे वरचे सूर, भरपूर, ते खोलीच्या कोपऱ्यांत आपटून एकमेकांवर चढतात, आणि दहाव्या मिनिटाला लोकांना घंटा, गाणं, बायकांचं बोलणं ऐकू यायला लागतं. हे अनेकांना होतं. त्याला 'आत्मे बोलले' म्हणायचं की 'मेंदूने गोंगाटात आकृती शोधली' म्हणायचं हे त्या माणसाला आधी काय सांगून ठेवलंय त्यावर ठरतं. सायबेरियात तर ढोल एका गतीने कधी वाजतच नाही. शामन स्वतःच वाजवतो, स्वतःच गातो, नाचतो, वीस किलोच्या घरात जाणारा लोखंडी साज अंगावर घालून. हळू, जलद, अचानक बंद. ढोल त्याला नेतो का तो ढोलाला, हे तिथे विचारण्यात हशील नाही. फोनवरच्या ध्वनिमुद्रणात मात्र वाजवणारा एक, जाणारा दुसरा, आणि दोघांची गाठ कधीच पडत नाही.

मेंदूच्या लहरींच्या यंत्राची जन्मकथासुद्धा काही फार शहाण्या घरातली नाही. हान्स बेर्गर हा जर्मन डॉक्टर तरुणपणी लष्करी सरावात घोड्यावरून पडला, तोफगाड्याच्या चाकाखाली जाता जाता वाचला. त्याच संध्याकाळी घरून तार आली: ठीक आहेस ना? दूर असलेल्या बहिणीला काहीतरी वाईट झाल्याचं वाटलं होतं. मनातलं मनाला कसं कळतं, ती शक्ती डोक्यातून बाहेर कशी पडते, हे मोजायचं वेड घेऊन तो आयुष्यभर कवटीला तारा लावत राहिला. १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूची पहिली नोंद त्याला मिळाली, १९२९ मध्ये त्याने ती छापली. टेलिपथी सापडली नाही, अल्फा लहर सापडली, सेकंदाला ८ ते १३ गतीची. आज तीच पट्टी डोक्याला बांधून 'तुमचं ध्यान किती टक्के लागलं' हे मोबाइल सांगतो. बेर्गरला हे बघून काय वाटलं असतं कोण जाणे.

उजेडाचं यंत्र याहून रंजक, आणि या सगळ्यात प्रामाणिक, कारण त्याला शिकवणी लागत नाही. २१ डिसेंबर १९५८ या दिवशी ब्रायन गायसिन नावाचा चित्रकार बसने मार्सेयला जात होता. रस्त्याच्या कडेला झाडांची रांग, मागे मावळता सूर्य, आणि त्याचे डोळे मिटलेले. मिटल्या पापण्यांवर झाडांच्या सावल्या भराभर पडायला लागल्या आणि आत रंगांचा पूर उसळला. झाडं संपली तसा तोही संपला. ही गोष्ट झेक शास्त्रज्ञ पुर्किंये याने १८१९ च्या सुमारास सूर्याकडे तोंड करून मिटल्या डोळ्यांसमोर बोटं हलवून नोंदली होती. गायसिन आणि त्याचा गणिती मित्र इयन समरविल यांनी त्याचं यंत्र केलं. रेकॉर्ड प्लेयरच्या तबकडीवर पुठ्ठ्याचं उंच नळकांडं, त्याला भोकं, आत वरून सोडलेला बल्ब, आणि माणूस डोळे मिटून समोर. १९६१ मध्ये फ्रान्समध्ये पेटंट. गणित कुणालाही करता येतं: तबकडी मिनिटाला ७८ फेऱ्यांची असेल तर सेकंदाला १.३ फेऱ्या. सेकंदाला दहा लुकलुक हव्या असतील, म्हणजे अल्फाच्या मधोमध, तर एका ओळीत आठ भोकं. आताच्या ४५ फेऱ्यांच्या तबकडीवर सेकंदाला पाऊण फेरी होते, तेव्हा तेरा किंवा चौदा भोकं. भोकापेक्षा भोकांमधली भिंत अरुंद केली तर अंधार पुरेसा पडत नाही आणि लुकलुक फिकी होते. दोन्ही साधारण सारखी ठेवायची. नळकांडं मध्यावर नसेल तर तबकडी डगमगते आणि दर फेरीला एक ठोका चुकतो, डोळे मिटलेले असूनही तो खुपतो. जुने लोक शंभर वॉटचा बल्ब सांगतात. कागदाच्या नळकांड्यात तो कागद भाजतो, म्हणून वरची बाजू उघडी हवी. एलईडी लावायचा तर आधी मंद करून बघावा: स्वस्त दिवा मंद केला की स्वतःच वेगळ्या गतीने लुकलुकतो, आणि दोन लुकलुकी एकमेकांत गुंतून तिसरीच निर्माण होते.

पहिल्या मिनिटात जाळी, चौकटी, मधमाश्यांची पोळी, गालिचे. हे जवळपास सगळ्यांना सारखं दिसतं, कारण ती दृश्य-मेंदूची स्वतःची वीण आहे. पुढे कुणाला चेहरे, देखावे दिसतात, कुणाला नाही. आणि चार हजारांत साधारण एका माणसाला यातलं काहीच दिसत नाही, त्याला थेट आकडी येते. त्याला स्वतःला हे आधी माहीत नसण्याची शक्यता भरपूर, मुलं आणि तरुण असतील तर अधिकच. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळी लुकलुक सेकंदाला बाराच्या गतीने पाच-एक सेकंद चालली आणि त्या संध्याकाळी ६८५ जणांना, बहुतेक मुलांनाच, रुग्णालयात न्यावं लागलं. अशा वेळी डोळे मिटणं उपयोगाचं नाही. पापणीतून लाल उजेड आत जातोच. एक डोळा तळहाताने पुरता झाकायचा, म्हणजे मेंदूकडे जाणारा मारा निम्म्याने घटतो, आणि तोंड फिरवायचं. पण हे करायला ज्याला झटका येतोय तो भानावर असावा लागतो. नाहीतर शेजारी कुणीतरी हवं.

कानाच्या यंत्राची गोष्ट थोडक्यात उरकता येते. एका कानात २०० हर्ट्झ, दुसऱ्यात २०६, तर मेंदूत ६ चा घुमारा ऐकू येतो; १८३९ च्या सुमारास जर्मनीतल्या डोव्हे या भौतिकशास्त्रज्ञाला हे सापडलं. हेडफोन हवेत, स्पीकरवर दोन्ही सूर हवेतच मिसळतात. फोनच्या सेटिंगमध्ये मोनो चालू राहिलं असेल तर तेच होतं, आणि लोक महिनोन्‌महिने तसंच ऐकत राहतात, छान वाटतं म्हणतात. यावर वेगळी टिप्पणी नको. पाण्याची टाकी याहून गंभीर. अमेरिकेत १९५४ मध्ये जॉन लिली या मेंदू-संशोधकाने बाह्य संवेदना बंद केल्या तर मेंदू झोपतो का हे बघायला माणसाला डोकं झाकणारा मुखवटा घालून पाण्यात बुडवलं. पुढे एप्सम मीठ आलं: वीतभर खोल पाण्यात शेकड्यांनी किलो, म्हणजे माणूस बुडूच शकत नाही. पाणी त्वचेइतकंच, पस्तीस अंशांच्या आतबाहेर. एक अंश कमी तर अर्ध्या तासात हुडहुडी, एक जास्त तर गुदमरल्यासारखं. त्याच दिवशी दाढी केली असेल तर पुढचा तास फक्त गालाचंच ध्यान होतं. मेंदू झोपत नाही, हे लिलीला लगेच कळलं. बाहेरून काही आलं नाही की तो आतूनच पुरवठा सुरू करतो.

या सगळ्या यंत्रांची एकच हौस दिसते. शामनच्या तंबूतलं नेमकं कार्यकारी द्रव्य कोणतं ते काढा, शुद्ध करा, बाटलीत भरा. ठोका असेल तर ठोका, लुकलुक असेल तर लुकलुक.

एकदा हे अगदी शब्दशः झालं. मेक्सिकोतल्या वाहाका राज्यात, वाउत्ला द हिमेनेस या डोंगरी गावात, मारिया सबीना ही मासातेक वैदू रात्रीच्या विधीत भान बदलणाऱ्या अळंब्या देत असे. तिला शामन म्हणावं की नाही यावर वाद घालता येईल, पण जाऊन येणं आणि रोग्यासाठी उत्तर आणणं हे काम तेच. १९५५ मध्ये गॉर्डन वॉसन हा अमेरिकी बँकर तिच्या विधीत बसला. १९५७ मध्ये त्याने नाव बदलून का होईना पण ते साप्ताहिकात छापलं, आणि गावात परक्यांची रीघ लागली. पुढे तिचं घर जाळलं गेलं. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडच्या आल्बेर्ट होफमान या रसायनतज्ज्ञाने त्या अळंब्यांतून भान बदलणारं द्रव्य, सायलोसायबिन, वेगळं काढलं, आणि १९६२ मध्ये तो स्वतः गोळ्या घेऊन तिच्या झोपडीत हजर झाला. पाच-पाच मिलिग्रॅमच्या. तिने त्या नेहमीच्याच विधीने दिल्या, घेतल्या. अर्धा तास गेला तरी काही नाही. कुजबुज सुरू झाली: या गोळ्यांत जीव नाही. होफमानने आणखी गोळ्या वाटल्या. मग दहाएक मिनिटांनी परिणाम सुरू झाला. कारण साधं होतं. अळंबी बराच वेळ चावली जाते, तोंडातच शोषली जाऊ लागते. गोळी पोटात जाऊन विरघळावी लागते. पहाटे मारिया सबीनाने सांगितलं की गोळ्यांतही तेच आहे, अळंब्यांइतकंच. उरलेली बाटली तिने ठेवून घेतली, अळंब्यांचा मोसम नसताना लोकांच्या उपयोगी पडेल म्हणून.

हा प्रसंग रसायनाचा विजय म्हणून सांगतात. सांगोत. पण रसायन जिथे वेळेवर पोहोचलं नाही त्या अर्ध्या तासाकडे बघावंसं वाटतं. तो अर्धा तास अंधारात कुणी सांभाळला? तिनेच. गाणं चालू होतं, माणसं जागेवर होती, काही होत नाही म्हणून कुणी उठून गेलं नाही. आणि वाढीव मात्रा पोटात गेल्यावर ज्या खोलीत ती उतरली ती खोली तिची होती. २००६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या प्रयोगात तेच सायलोसायबिन पुन्हा दिलं गेलं, तेव्हा प्रयोगशाळेने सोफा आणला, डोळ्यांवर पट्टी, कानांत संगीत, आणि शेजारी दिवसभर बसून राहणारी दोन माणसं, जी आधीच्या कित्येक तासांच्या भेटींतून ओळखीची झालेली. पांढऱ्या कोटातल्या लोकांनी फिरून फिरून तंबूच बांधला.

जाण्यावर इतकं यंत्र खर्ची पडलं, येण्यावर किती? सामी शामन, नोआईदी, देह टाकून गेला की त्याच्या पडलेल्या शरीराला माशीसुद्धा शिवू द्यायची नाही, असं सतराव्या शतकातल्या नोंदीत आहे. कुणीतरी शेजारी बसून डास-माश्या वारत राही. आणि परत बोलवायला एका माणसाला ठरलेलं गाणं येत असावं लागे. तो ते विसरला तर गेलेला तिकडेच राही. हार्नरच्या गाळलेल्या पद्धतीतही एवढं मात्र गाळलेलं नाही. पंधरा-वीस मिनिटांनी ढोल थांबतो. मग सात ठसठशीत ठोके, असे चार वेळा. मग अर्धा मिनिट दुडक्या चालीने भराभर, हा परतीचा रस्ता. मग पुन्हा साताचे चार. आता इंटरनेटवर तासतासभराचे ढोल मिळतात, बेमालूम जोडलेले, सुरुवात-शेवट नसलेले, झोप लागेल अशी खात्री देणारे. त्यांत ते साताचे चार कापलेले असतात, कारण जोडताना तेच मध्ये येतात. काही ध्वनिमुद्रणं संपतात ती आवाज हळूहळू विरत. आणि काहींच्या शेवटी, ऐकणारा अजून कुठल्यातरी भुयारात असताना, डिटर्जंटची जाहिरात लागते. १९५७ पासून ढोलांना प्लॅस्टिकचं पान मिळू लागलं, पॉलिस्टरचं, जे पाणी पीत नाही, उतरत नाही आणि शेकावं लागत नाही. सोय मोठी. पण ढोल शेकायला म्हणून जो मध्ये थांबायचा, आगीच्या उजेडात सगळ्यांचे चेहरे ज्याला आपसूक दिसायचे, त्याचं काम त्या पानाने काढून घेतलं.

खोलीतला घुर्र थांबतो. बाई टिचकी मारते, मान हलवते, प्लग काढते. ड्रायरच्या वाऱ्याने कातड्याचा उबट, किंचित शेळीसारखा वास सुटलेला असतो. उठून बसलेला माणूस नाइलाजाने पुन्हा आडवा होतो. ढोल आता घुमतो. वीस मिनिटं. मग साताचे चार, मग पळते ठोके, मग साताचे चार. रुमाल निघतात, कुणी आळस देतं, कुणी वही शोधतं. खिडकीशेजारची एकजण मात्र हललेली नाही. बाई ढोल भिंतीला टेकवते, तिच्या पायांशी जाऊन बसते आणि दोन्ही तळपायांवर हात घट्ट दाबून धरते. पाऊस चालूच आहे. भिंतीला टेकलेला ढोल पुन्हा उतरायला लागलेला असणार, पण तिकडे आता तिचं लक्ष नाही. ती हलक्या आवाजात त्या मुलीला नावाने हाक मारते. थोडं थांबते. पुन्हा मारते.